पेडलपासून फोर्कपर्यंत

अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचे कॅटलॉग जाडजूड असतात. इंजिन, कार्बोरेटर, एक्झॉस्ट, क्रोमचे बंपर, सीटची कापडं यांनी पानंच्या पानं भरलेली असतात आणि कुठल्या तरी कोपऱ्यात क्लच लिंकेजचा संच दिलेला असतो. दोन हात वेल्ड केलेली एक आडवी नळी, दोन बॉल स्टड, नायलॉनचे बुश, दोन दांडे, एक-दोन स्प्रिंगा आणि मूठभर क्लिपा, एवढाच ऐवज. खाली एक ओळ असते: शेव्हेल, १९६४ ते १९७२. इंजिनावर आणि रंगावर सढळ हाताने खर्च केलेला मालक हा संच सगळ्यात शेवटी, घाईघाईने मागवतो. मग गाडी पहिल्यांदा गॅरेजबाहेर काढायच्या दिवशी क्लच तळापर्यंत दाबलेला असतानाही रिव्हर्स पडताना गिअरबॉक्स करकरतो आणि सगळ्यांच्या नजरा गिअरबॉक्सकडे वळतात. दोष बहुतेक वेळा तिथे नसतो. तो पेडल आणि फोर्क यांच्यामधल्या, कोणी धड न पाहिलेल्या त्या नळीत आणि दांड्यांत असतो.

मसल कार म्हणजे १९६० च्या दशकातली, मध्यम आकाराच्या बॉडीत मोठं व्ही-८ इंजिन बसवलेली अमेरिकन गाडी. या प्रकाराची सुरुवात बहुतेक जण १९६४ च्या पाँटिअॅक जीटीओपासून धरतात. जनरल मोटर्सच्या वरिष्ठांनी मध्यम आकाराच्या गाड्यांसाठी ३३० घन इंचांपर्यंतच्या इंजिनाची मर्यादा घालून दिली होती. जनरल मोटर्सच्याच पाँटिअॅक विभागातले इंजिनिअर जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाँटिअॅक लमान्समध्ये ३८९ घन इंचांचं, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचं इंजिन बसवलं आणि वेगळं मॉडेल न म्हणता ते 'ऑप्शन' म्हणून विकायला काढलं. पहिल्याच वर्षी ३२,४५० जीटीओ विकल्या गेल्या. मग सगळेच या शर्यतीत उतरले. शेव्हेल एसएस, प्लिमथ रोड रनर, डॉज चार्जर या गाड्या आल्या. फोर्डची मस्टँग एप्रिल १९६४ मध्ये बाजारात आली आणि तिला उत्तर म्हणून १९६७ च्या मोसमात शेव्हरोलेची कॅमारो. १९७० च्या शेव्हेलमधलं एलएस-६ इंजिन ४५४ घन इंचांचं, म्हणजे ७.४ लिटरचं होतं आणि कागदोपत्री ४५० अश्वशक्तीचं होतं.

यातल्या बऱ्याच गाड्या ऑटोमॅटिकमध्येही मिळत. पण ज्यांना गाडी खऱ्या अर्थाने स्वतः चालवायची होती, ते चार गिअरांचा मॅन्युअल गिअरबॉक्स घेत. पहिल्या पिढीची कॅमारो झेड-२८ तर केवळ मॅन्युअलमध्येच मिळायची. एवढ्या ताकदीच्या इंजिनाची पकड सोडवायची, तर ड्रायव्हरच्या हाताशी, खरं तर पायाशी, ना तेलाचा दाब होता ना कुठली मोटर. डाव्या पायाची ताकद आणि तरफांची ती साखळी यांवरच सगळं चालायचं.

ही साखळी बघावी ती कॅमारोत. पेडलच्या दांड्याला एक पुशरॉड जोडलेला असतो. तो फायरवॉलमधून इंजिनाच्या बाजूला जातो आणि आडव्या नळीच्या वरच्या हाताला पुढे ढकलतो. या नळीला अमेरिकन मेकॅनिक 'झेड बार' म्हणतात, कारण तिचे दोन हात विरुद्ध दिशांना निघालेले असतात. वरचा हात पुढे गेला की नळी स्वतःभोवती फिरते आणि खालचा हात मागे जातो. त्या खालच्या हाताला दुसरा, लांबी कमी-जास्त करता येणारा दांडा असतो. तो बेल हाउसिंगच्या खिडकीतून बाहेर आलेलं क्लच फोर्कचं टोक मागे ढकलतो. फोर्क आतल्या एका गोल स्टडवर टेकलेला असतो. त्याचं बाहेरचं टोक मागे गेलं की आतलं टोक पुढे येतं आणि रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांवर दाबलं जातं. बोटं दबली की प्लेट सुटते.

पेडल साधारण सहा इंच जातं आणि तिकडे बेअरिंग जेमतेम अर्धा इंच सरकतं. म्हणजे बारास एक असा तरफेचा हिशेब. जोर बारा पटींनी वाढतो, पण हालचाल तेवढ्याच प्रमाणात घटते. आणि क्लच प्लेट खऱ्या अर्थाने मोकळी व्हायला तिच्या दोन्ही बाजूंना मिळून लागणारी फट मिलिमीटरभराच्या आसपास असते. हा हिशेब डोक्यात असला की झिजलेल्या बुशाची किंमत कळते. फोर्क स्वतःच एक तरफ असल्याने त्याच्या बाहेरच्या टोकाशी एक मिलिमीटरचा ढिलेपणा आला, तर पेडलपाशी सहा मिलिमीटर हालचाल वाया जाते. साखळीत असे सांधे सहा-सात असतात: पेडलची पिन, वरच्या दांड्याचं टोक, नळीची दोन टोकं, खालच्या दांड्याची दोन टोकं आणि आतला गोल स्टड. प्रत्येकाने थोडंथोडं खाल्लं की पेडल तळाला टेकतं, पण क्लच काही सुटत नाही.

नळीच्या दोन टोकांमध्ये या रचनेची सगळी गोम आहे. एक टोक गाडीच्या फ्रेमवर पक्क्या बसवलेल्या ब्रॅकेटच्या स्टडवर असतं, तर दुसरं थेट इंजिन ब्लॉकमध्ये बसवलेल्या स्टडवर. विहिरीवरच्या रहाटाचा एक खांब जमिनीत रोवावा आणि दुसरा हलत्या फळीवर उभा करावा, तसा हा प्रकार. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं. ते हलणारच, विशेषतः जोरात अॅक्सिलरेटर दिला की. क्रँकशाफ्ट ज्या दिशेने फिरतो त्याच्या उलट दिशेने इंजिन पिळवटतं आणि या गाड्यांत त्याची डावी बाजू वर उचलली जाते. आणि क्लचची नळी नेमकी डाव्याच बाजूला असते. म्हणून तर टोकांना बॉल स्टड दिलेले असतात. नळीने फिरायचं आणि त्याच वेळी थोडं डोलायचंही, दोन्ही कामं तिला करावी लागतात.

माउंटिंगचं रबर फाटलं तर काय होतं, याची मोठी नोंद इतिहासात आहे. डिसेंबर १९७१ मध्ये जनरल मोटर्सने १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या सुमारे ६७ लाख शेव्हरोले गाड्या परत बोलावल्या. १९६७ ते १९६९ च्या कॅमारोही त्यांत होत्या. डावं माउंटिंग तुटलं की इंजिन उचललं जायचं आणि त्याच्या ओढीने थ्रॉटल उघडा अडकण्याचा धोका होता. उपाय म्हणून इंजिन जागेवर धरून ठेवणारी एक वायरची दोरी बसवण्यात आली. चर्चा तेव्हा थ्रॉटलची झाली आणि ते योग्यच होतं. पण लिंकेजचं काम करणाऱ्याने यातून धडा घ्यावा तो असा, की नवे बुश आणि नवी नळी घालण्याआधी माउंटिंग बघावं. बॉनेट उघडं ठेवून, ब्रेक घट्ट धरून, कोणीतरी क्लच हलकेच सोडत गाडीवर भार द्यावा आणि दुसऱ्याने बाजूला सुरक्षित उभं राहून इंजिन किती उचलतं ते पाहावं. ते बोटभर उचललं जात असेल, तर कितीही महागाचा संच घातला तरी नळी स्टडवरून निसटायचा धोका राहतोच.

आता कॅटलॉगच्या त्या ओळीकडे. १९६४ ते १९७२ हा एक कालखंड नाही. जनरल मोटर्सच्या मध्यम गाड्यांची बॉडी आणि फ्रेम १९६८ साली बदलली. त्याआधी शेव्हेलचा व्हीलबेस ११५ इंच होता, नंतर दोन दारांच्या गाड्यांचा ११२ आणि चार दारांच्या गाड्यांचा ११६ झाला. फ्रेम बदलली की ब्रॅकेट बदलतं आणि ब्रॅकेट बदललं की नळी कुठे आणि कोणत्या कोनात बसते तेही बदलतं. त्याच्या जोडीला बेल हाउसिंगचाही प्रश्न येतो. शेव्हरोलेच्या मॅन्युअल गाड्यांत शेवटचे आकडे ४०३ असलेलं बेल हाउसिंग लहान फ्लायव्हीलसाठी, साडेदहा इंची क्लचचं आहे, आणि ६२१ वालं मोठ्या फ्लायव्हीलसाठी, अकरा इंची क्लचचं. लहान फ्लायव्हीलच्या रिंगला १५३ दात, मोठ्याच्या रिंगला १६८. पन्नास-साठ वर्षांत या गाड्यांनी किती हात बदलले, किती इंजिनं आणि किती गिअरबॉक्स बदलले, याला गणती नाही. गाडी कुठल्या सालची आहे यावरून ती आज आतून काय आहे ते कळत नाही. त्यातही जी गाडी मुळात ऑटोमॅटिक होती आणि नंतर मॅन्युअल केली गेली, तिच्या फ्रेमवर ते ब्रॅकेटच नसतं. काही बदली ब्लॉकमध्ये स्टडसाठीचं भोक पाडून आटे दिलेलेच नसतात. म्हणून माझं म्हणणं असं, की ऑर्डर देण्याआधी गाडी घोड्यांवर चढवावी, खाली शिरून बॅटरीच्या उजेडात बेल हाउसिंगवरचे आकडे वाचावेत आणि मगच कॅटलॉग उघडावा.

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त काम वाया जातं ते रिलीज बेअरिंगमुळे. शेव्हरोलेसाठी दोन उंचींची बेअरिंगं मिळतात: एक साधारण सव्वा इंचाचं आणि दुसरं एक इंच सात दोरे, म्हणजे पावणेदोन इंचांहून थोडं मोठं. कुठलं घालायचं हे प्रेशर प्लेटवर ठरतं. डायफ्रॅम प्लेटची बोटं सपाट असतील तर ती बेअरिंगपासून लांब राहतात, तिथे लांब बेअरिंग लागतं. बोटं बेअरिंगच्या दिशेने वाकवलेली असतील, किंवा जुन्या बोर्ग अँड बेक पद्धतीची तीन तरफांची प्लेट असेल, तर आखूड. बोटं वाकवण्यामागेही कारण होतं. इंजिन फार वेगाने फिरू लागलं की सपाट बोटांवर केंद्रापसारक जोर असा येतो की पेडल वर यायलाच तयार होत नाही. ड्रॅग रेसमध्ये गिअर बदलताना पेडल तळाशीच राहणं म्हणजे शर्यत हातची गेली. वाकवलेल्या बोटांनी हा जोर उलट क्लचच्या फायद्याचा केला.

चुकीचं बेअरिंग बाहेरून दिसत नाही, पण फोर्क ते सांगतो. सपाट बोटांच्या प्लेटवर आखूड बेअरिंग बसवलं तर बोटांपर्यंत पोचायला फोर्कचं बाहेरचं टोक फार मागे न्यावं लागतं. दांडा आट्यांच्या टोकापर्यंत लांबवला तरी पुरत नाही, आणि पेडल दाबल्यावर फोर्क खिडकीच्या मागच्या काठाला जाऊन भिडतो. उलट केलं, लांब बेअरिंग वाकवलेल्या बोटांवर घातलं, तर फोर्क पुढच्या काठाशी अडतो, पेडलला मोकळा प्ले उरतच नाही आणि क्लच घसरू लागतो. मालक मग दांडा कापतो, नाहीतर लांब दांडा मागवतो. दांड्याचा यात काहीच दोष नसतो. खिडकीत फोर्क कुठे उभा आहे हे आधी पाहिलं असतं, तर गिअरबॉक्स दुसऱ्यांदा उतरवायची वेळ आली नसती. पेडल मोकळं असताना फोर्क खिडकीच्या मध्याच्या थोडा पुढे असावा आणि पूर्ण दाबल्यावर तेवढाच मागे जावा, काठाला न टेकता. गिअरबॉक्स बसवण्याआधी नुसतं बेल हाउसिंग, फोर्क आणि बेअरिंग लावून हातानेच फोर्क हलवून बघणं याला मी पर्यायच मानत नाही.

प्रत्यक्ष बसवण्याचं काम सावकाशीचं आहे. आधी रिटर्न स्प्रिंग सोडायची, खालचा दांडा काढायचा, मग वरचा. नळीच्या इंजिनाकडच्या टोकाची वायरची क्लिप काढायची, फ्रेमकडच्या स्टडचा नट ढिला करायचा की नळी हातात येते. ती आली की कापडाने पुसून उजेडात धरावी. जिथे हात नळीला वेल्ड केलेले आहेत तिथे केसासारखा तडा आहे का, हे नखाने चाचपून बघावं. जड प्रेशर प्लेट असलेल्या गाड्यांत नळी वेल्डपाशी पिळलेली सापडते. दोन हातांमधला कोन दोन-चार अंशांनी बिघडलेला असतो आणि डोळ्यांना तो सहज कळत नाही. नळी सपाट टेबलावर ठेवून नव्या नळीशी ताडून पाहावी. बाजारातल्या स्वस्त नळ्यांत दांड्याची भोकं पिनेपेक्षा सैल असतात, तेव्हा विकत घेताना पिन भोकात घालून हलवून बघायला लाजू नये. जुनी नळी सरळ असेल, तर तिच्या हाताला त्रिकोणी पट्टीचा आधार वेल्ड करून तीच वापरणं मला अधिक पसंत आहे.

बॉल स्टडही नीट पाहायला हवा. त्याचा गोळा एका बाजूने घासून चपटा झालेला असतो, कारण भार कायम एकाच दिशेने येतो. चपट्या गोळ्यावर नवा बुश घातला तर तो काही दिवसांतच जातो. गोळा, बुश आणि फेल्टची चकती ही तिन्ही एकत्र बदलायची. फेल्टला तेल, बुशात ग्रीस आणि नळीवर निप्पल असेल तर पंपाचे दोन-चार दाब. नळी बसल्यावर पुढून आणि वरून पाहावी. ती आडवी आणि सरळ असायला हवी. तिरकी असेल तर ब्रॅकेट किंवा माउंटिंग चुकलेलं आहे. मग दांडे जोडण्याआधी नळी बोटांनी फिरवून बघावी, कुठेही न अडता ती फिरली पाहिजे. शेव्हरोलेत ऑइल फिल्टर डाव्या बाजूला, या नळीच्या अगदी जवळ असतो. लांब फिल्टर लावला की नळी त्याला घासते. मालकाने हेडर बसवले असतील, म्हणजे एक्झॉस्टच्या मोठ्या वेटोळ्या नळ्या, तर जागा आणखी कमी होते आणि नायलॉनच्या बुशाला सतत उष्णता बसते.

प्ले जुळवायची रीत जनरल मोटर्सच्या इंजिनिअरांनी फार सुरेख करून ठेवली आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरच्या बऱ्याच गाड्यांत नळीच्या खालच्या हाताला दोन भोकं असतात. वरचं मापाचं, खालचं कामाचं. दांड्याचं टोक आधी मापाच्या भोकात घालायचं, पेडल वर रबराला टेकलेलं ठेवायचं आणि सगळा ढिलेपणा जाईपर्यंत दांडा लांबवायचा. मग तो तसाच काढून खालच्या, कामाच्या भोकात अडकवायचा आणि लॉकनट आवळायचा. दोन भोकांच्या अंतरातूनच बरोबर तेवढा प्ले मिळतो, मोजपट्टी लागतच नाही. पेडलपाशी तो एक इंचाच्या आसपास येतो. पण या पद्धतीवर भरवसा ठेवायचा तर नळीच्या हाताचा कोन मूळचाच असायला हवा. पिळलेल्या नळीवर ही भोकं खोटं माप देतात.

इंचभर प्ले का ठेवायचा, हा प्रश्न आपल्याकडून अमेरिकेत गेलेले अनेक जण विचारतात. आजच्या गाड्यांत रिलीज बेअरिंग प्लेटला सतत हलकं टेकून फिरतं, त्याची घडणच तशी केलेली असते. या जुन्या गाड्यांतलं बेअरिंग फक्त पेडल दाबल्यापुरतं फिरायचं असतं. प्ले नसेल तर ते अखंड फिरत राहतं आणि लवकर आवाज करू लागतं. पेडलवर पाय ठेवून गाडी चालवायची सवय या गाड्यांत म्हणूनच महागात पडते.

क्रायस्लरच्या गाड्यांचं एक वेगळं प्रकरण आहे. रोड रनर, चार्जर यांच्या पेडलला एक जाड ओव्हर-सेंटर स्प्रिंग असते. पेडल ठरावीक बिंदूच्या पुढे गेलं की ती स्प्रिंग पायाला मदत करते, म्हणून जुन्या तीन तरफांच्या जड प्लेटचा क्लच थोडा हलका लागायचा. आज बहुतेक जण त्याजागी हलकी डायफ्रॅम प्लेट बसवतात. तिचा उलटा जोर स्प्रिंगपेक्षा कमी पडतो आणि पेडल जमिनीला चिकटून राहतं. लिंकेज अडकलं या समजुतीने सगळं पुन्हा उघडलं जातं. उपाय दोन मिनिटांचा: ती स्प्रिंग काढून ठेवायची. मस्टँगच्या पेडललाही अशीच मदतीची स्प्रिंग असते आणि क्लच बदलल्यावर तिचाही विचार करावाच लागतो.

महिंद्राने १९४७ पासून मुंबईत जोडलेल्या विलीज जीपच्या क्लचमध्येही फ्रेम आणि बेल हाउसिंग यांच्यामध्ये गोळ्यांवर टेकलेली अशीच आडवी नळी होती. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत जीप दुरुस्त केलेल्या जुन्या मेकॅनिकला कॅमारोच्या खाली नेऊन उभं केलं, तर आकार सोडून त्याला काही नवं वाटणार नाही. पुढे मारुती ८०० मध्ये केबल आली. केबल वाकते, इंजिन कितीही हललं तरी तिला फरक पडत नाही.

मग या गाड्यांतही केबल किंवा हायड्रॉलिक क्लच का लावू नये? अनेक जण लावतात. हेडर असलेल्या, इंजिन बदललेल्या, नळीला जागाच न उरलेल्या गाडीत हायड्रॉलिक हाच शहाणा मार्ग आहे. पण ज्या गाडीत मूळचं ब्रॅकेट, मूळचं बेल हाउसिंग शाबूत आहे, तिच्यातली नळी काढून टाकणं मला पटत नाही. चांगल्या बसवलेल्या लिंकेजमध्ये क्लच कुठे पकडतोय हे तळपायाला थेट कळतं. शिवाय ते बिघडलं तर डोळ्यांना दिसतं. बेल हाउसिंगच्या आत बसवलेलं हायड्रॉलिक बेअरिंग गळायला लागलं, तर गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय हातात काहीच येत नाही.

खरी परीक्षा होते ती गर्दीत. डेट्रॉइटलगतच्या वुडवर्ड अॅव्हेन्यूवर १९९५ पासून दर ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझ भरते. जुन्या गाड्यांची रांग मैलोन्मैल गोगलगाईच्या गतीने सरकत असते. उन्हाळा, तापलेलं इंजिन आणि दर काही फुटांवर क्लच. कच्चं बसवलेलं लिंकेज अशाच ठिकाणी उघडं पडतं. आधी पेडल थोडं खाली पकडू लागतं, मग पहिला गिअर अडखळतो. तपासायची सोपी युक्ती अशी: इंजिन चालू ठेवून क्लच पूर्ण दाबायचा, काही सेकंद थांबायचं आणि मग रिव्हर्स टाकायचा. जनरल मोटर्सच्या या गाड्यांतल्या चार गिअरांच्या मन्सी गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रो नसतो, तेव्हा प्लेट थोडीही फिरत असेल तर तो लगेच करकरतो.

नवा क्लच घातलेली गाडी काहीशे मैल चालली की दांडा पुन्हा तपासावा लागतो. इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. प्लेट झिजली की प्ले वाढेल, असं वाटतं. प्रत्यक्षात तो कमी होतो: प्लेट पातळ झाली की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते आणि तिची बोटं बेअरिंगकडे येतात. म्हणून लॉकनट सोडून दांडा आखूड करायचा, लांब नव्हे. पेडल हाताने दाबून इंचभर प्ले पुन्हा आला की नट आवळायचा, स्प्रिंग लावायची आणि बेल हाउसिंगच्या खिडकीवरचा रबरी बूट जागेवर बसवायचा, म्हणजे रस्त्यावरची धूळ आतल्या गोळ्यावर जाणार नाही.